खाड्याची वही

एका विद्यापीठाच्या वसतिगृहाचा प्रमुख म्हणून मी जी वर्षे काढली, त्या वर्षांत माझ्या मेजावर नाना तऱ्हेची दफ्तरे येऊन पडत असत. प्रवेशाचे अर्ज, अनामत रकमेच्या पावत्या, खोल्यांच्या वाटपाचे तक्ते, नळ आणि विजेच्या तक्रारी, रात्री उशिरा परतण्याच्या परवानग्या, सारे काही त्यांत असे; परंतु ज्या एका दफ्तराने मला नव्या विद्यार्थ्याविषयी सर्वांत अधिक शिकविले, ते माझ्या कार्यालयातले नव्हतेच. खाणावळीच्या खिडकीशेजारी, एका खिळ्याला सुतळीने बांधलेली, तेलाच्या बोटांनी कडा काळवंडलेली अशी ती एक साधी आखीव वही होती. मुले तिला खाड्याची वही म्हणत. ज्याला एखाद्या वेळचे जेवण नको असेल, त्याने आदल्या रात्री तीत आपले नाव आणि खोलीचा क्रमांक लिहावा, म्हणजे त्या वेळेचा खाडा धरला जाऊन महिन्याच्या हिशेबातून तेवढी रक्कम वजा व्हावी, असा शिरस्ता होता. शहरातल्या बहुतेक खाणावळींतून हीच रीत थोड्याफार फरकाने चालते. कोठे सलग तीन दिवसांहून कमी खाडा धरीत नाहीत, तर कोठे रविवारच्या फीस्टला खाडा चालत नाही.

एका वर्षी सत्र सुरू होऊन जेमतेम आठवडा लोटला होता. खाणावळीत पोळ्या करणाऱ्या मावशी संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, त्या बावीस नंबरच्या पोराचं ताट चार दिवस तसंच राहतंय. गावाला गेला म्हणावं, तर वहीत खाडा न्हाई लिहिलेला." मी बावीस क्रमांकाच्या खोलीवर गेलो. खोलीतला दुसरा विद्यार्थी अजून दाखल व्हावयाचा होता. माणदेशातून आलेला, बारावीला तालुक्यात नाव काढलेला तो मुलगा पत्र्याच्या ट्रंकेवर बसला होता. समोर वर्तमानपत्रावर शेंगदाण्याच्या चटणीचा डबा उघडा होता, धुवट फडक्यात बांधलेल्या बाजरीच्या भाकऱ्या वाळून खापरासारख्या कडक झाल्या होत्या आणि त्यांतली एक मोडून, तुकडे पाण्याच्या तांब्यात भिजवून तो खात होता. मला पाहून तो गडबडून उठला. "जेवण झालंय सर. आईनं दिलंय गावाकडनं, सरंस्तोवर पुरंल," असे तो म्हणाला. खाणावळीचे आगाऊ पैसे त्याच्या चुलत्याने भरलेले होते आणि पावती त्याच्याच खिशात होती. पहिल्या संध्याकाळी तो खाणावळीच्या दारापर्यंत गेलाही होता. परंतु आत मुले घोळक्याघोळक्याने बसलेली, काहींच्या हातांत कसलेसे कागद, ताटे कोठून घ्यावयाची, वाढप कोण करणार, दर वेळी पैसे द्यावे लागतात की काय, यांतले काहीच त्याला उमगले नाही आणि तो तसाच परत फिरला. "कुणाला इचारावं, ते कळंना," एवढेच तो अगदी खालच्या आवाजात म्हणाला.

त्याच आठवड्यात, त्याच्यासह सर्व नव्या विद्यार्थ्यांना सभागृहात बसवून, मी तासभर स्वागतपर भाषण केले होते. विद्येची थोर परंपरा, ग्रंथालयाची संपन्नता, तारुण्यातील संधी, यांविषयी मी मनापासून बोललो होतो. ताट कोठून उचलावयाचे, हे मात्र मी सांगितले नव्हते. ती खंत माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही आणि हे प्रकरण लिहिण्याचे मूळ कारणही तीच आहे. विद्यापीठात रुळणे म्हणजे मनाच्या खंबीरपणाची, जिद्दीची, फार तर बुद्धिमत्तेची परीक्षा होय, असे आपण समजतो आणि मुलांनाही तसेच सांगतो. माझा अनुभव असा की, पहिल्या सहा-आठ आठवड्यांत मूल टिकते की परतते, हे पुष्कळ अंशी दोन साध्या गोष्टींवर ठरते : त्याला रोज वेळेवर ताट मिळते की नाही, आणि ते ताट रिकामे राहिले तर ते कोणाच्या ध्यानात येते की नाही.

घर सोडून विद्येसाठी परक्या ठिकाणी जाणे हा प्रसंग आपल्या समाजाने फार जुन्या काळापासून अन्नाच्याच भाषेत मांडलेला आहे. मौंजीबंधनातील मातृभोजन आठवावे. बटू आईच्या शेजारी बसून तिच्याच ताटातून जेवतो. बालपणातले असे जेवण तेवढ्यावर संपते आणि त्यानंतर तो हाती झोळी घेऊन इतर स्त्रियांपुढे भिक्षेसाठी उभा राहतो. आईच्या ताटावरून उठून समाजाच्या ताटाकडे जाणे, असा हा सारा संस्कार आहे. आर्नोल्ड व्हान गेनेप या अभ्यासकाने १९०९ साली जगभरच्या अशा विधींचा तौलनिक विचार करून त्यांत तीन टप्पे दाखवून दिले : जुन्या स्थितीपासून वियोग, मग उंबरठ्यावरची अधांतरी अवस्था आणि शेवटी नव्या समूहात समावेश. बावीस क्रमांकाच्या खोलीतला मुलगा आईच्या भाकरीवर चार दिवस काढीत होता, तेव्हा तो त्या उंबरठ्यावरच उभा होता. त्याला कोणी आत बोलाविले नव्हते, इतकेच.

हा विधी आणि त्यामागची व्यवस्था मूठभर जातींच्या मुलग्यांपुरतीच होती, हेही येथे स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकातील पुण्यात कोकणातून आणि घाटावरच्या खेड्यांतून आलेला गरीब ब्राह्मण विद्यार्थी वार लावून जेवत असे, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका घरी त्याचे पान ठरलेले असे. ज्याला वार मिळत नसे तो माधुकरी मागून पोट भरीत असे. या जिण्यात मिंधेपण होते, कित्येकदा अपमानही होता. तरी ठरलेल्या वारी ठरलेल्या घरात त्याचे पान मांडले जाई आणि तो आला नाही तर ते रिकामे दिसे, एवढा आधार त्यात होता. परंतु कुणबी, धनगर, मुसलमान, महार, मांग यांच्या मुलांना कोणाचा वार मिळणार? बुद्धी त्यांच्याजवळही होती, कॉलेजे शहरात उभी होती, परंतु शहरात त्यांच्यासाठी ताट कोठेच मांडलेले नव्हते. आणि जेथे ताट नाही तेथे कॉलेजचे दार उघडे असून नसल्यासारखेच असते.

महाराष्ट्रात शिक्षणाचा प्रसार नेमका कोठून झाला याचा विचार करताना आपण शाळा, वर्ग आणि ग्रंथ यांच्याकडे पाहतो. माझ्या मते तो स्वयंपाकघरातून झाला. राजर्षी शाहू महाराजांनी ही गोष्ट अचूक हेरली होती. १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढील काही वर्षांत जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानल्या गेलेल्या आणि इतरही जातींच्या विद्यार्थ्यांसाठी महाराजांच्या आश्रयाने एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. त्यांपैकी जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात असे वसतिगृह काढले की जेथे सर्व जातींची मुले एकाच चुलीवर शिजलेले अन्न एका पंगतीत बसून खात. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. या मुलांच्या मुखी घास पडावा म्हणून भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने मोडले, एवढेच नव्हे तर मंगळसूत्रही त्यातून राहिले नाही. हे वाचताना आपण त्यांच्या त्यागाने भारावून जातो, ते योग्यच आहे. परंतु त्या त्यागामागची रोकडी समजही लक्षात घेतली पाहिजे. भुकेल्या मुलापुढे व्याख्यान देऊन उपयोग नाही, हे त्या माउलीला पक्के ठाऊक होते. पुढे १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले तेही 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर; आणि पुण्यात १९५५ साली अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन केली, ती खेड्यापाड्यांतून पुण्यास येणाऱ्या होतकरू मुलांची राहण्या-जेवण्याची सोय व्हावी म्हणूनच.

विद्येच्या बाबतीत ज्यांच्या निश्चयाविषयी कोणी शंका घेणार नाही, अशा दोघांची उदाहरणे येथे दिल्यावाचून राहवत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ च्या जुलै महिन्यात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रावरून दिसते की, पहिल्या वसतिगृहातले अन्न त्यांना मानवले नाही आणि थोड्याच दिवसांत त्यांनी तेथून मुक्काम हलविला. पुढे लिव्हिंगस्टन हॉल या वसतिगृहात नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याबरोबर ते राहू लागले आणि तेथे त्यांचे बस्तान बसले. ही मैत्री जन्मभर टिकली. १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी लंडनला परत जावयाचे होते, तेव्हा या भथेनांनीच त्यांना पाच हजार रुपये उसने दिले. वसतिगृहाच्या खोलीत पलीकडच्या खाटेवर कोण झोपते, या वरकरणी क्षुल्लक योगायोगाचा हात कोठवर पोहोचतो, याचे याहून मोठे प्रमाण मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ही मुलगी एकटी समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकावयास गेली आणि १८८६ साली पदवी घेऊन बाहेर पडली. न्यू जर्सीतील कार्पेंटर बाईंनी तिला पोटच्या मुलीसारखे सांभाळले. परंतु रोझेल येथील ते घर सोडून कॉलेजच्या गावी राहू लागल्यावर तिच्या वाट्याला जी खोली आली, तिची शेकोटी नीट पेटत नसे. पेटविली तर खोलीत धूर कोंडे आणि न पेटवावी तर तिकडच्या हिवाळ्यातली हाडे गोठविणारी थंडी. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहून थंडी बाधे, म्हणून तिने नेसण्याची तऱ्हाही बदलून पाहिली. आजारपण बळावतच गेले आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बाविसावे वर्षही पुरे होण्याआधी, पुण्यात तिचा अंत झाला. तिच्या निश्चयात कोठे उणीव होती, असे कोण म्हणेल? उणीव होती ती ऊब देणाऱ्या खोलीची आणि मानवणाऱ्या अन्नाची. दूर शिकणाऱ्या लेकीला दूरध्वनीवरून धीर देणाऱ्या प्रत्येक आईबापाने, धीराचे शब्द बोलण्यापूर्वी, खोलीत पांघरूण पुरेसे आहे का आणि आज काय जेवलीस, हे विचारावे. ते विचारणे क्षुल्लक नव्हे.

आता आजच्या विद्यार्थ्याकडे वळू. पुणे विद्यापीठाचे उदाहरण घेतले तर, १० फेब्रुवारी १९४९ रोजी स्थापन झालेल्या आणि बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांना पहिले कुलगुरू म्हणून लाभलेल्या या विद्यापीठाचा गणेशखिंडीतील परिसर ४११ एकरांचा आहे आणि त्याची मुख्य इमारत म्हणजे एके काळचे मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान. लहान गावातल्या कनिष्ठ महाविद्यालयात जो मुलगा सर्वांना नावानिशी ठाऊक होता, तो या जुन्या वडांच्या सावलीत, उंच मनोऱ्याखाली उभा राहिला की प्रथम त्याला वाटतो तो अभिमान, आणि दुसऱ्याच क्षणी आपण येथे कोणीच नाही ही जाणीव. या जाणिवेत लाज वाटण्यासारखे काही नाही. विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडून का जातात, याचा विचार करताना अमेरिकन समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ साली जी उपपत्ती मांडली, तिचा मथितार्थ असा की, विद्यार्थ्याची पात्रता आणि तयारी महत्त्वाची खरीच, परंतु तेथील अभ्यासाशी आणि तेथील माणसांशी त्याचे धागे जुळतात की नाहीत, यावर त्याचे राहणे किंवा जाणे फार अवलंबून असते. विशेष असे की, या विचारासाठी त्यांनी आधार घेतला तो एमिल दुर्खीम यांनी १८९७ साली केलेल्या आत्महत्येच्या मीमांसेचा. माणूस समूहापासून तुटत जाणे आणि माणूस नाहीसा होणे यांचा संबंध त्या फ्रेंच पंडिताने उलगडला होता; कॉलेजातून नाव काढून निघून जाणारा विद्यार्थी त्याच विचाराच्या प्रकाशात पाहावा, असे टिंटोंना वाटले. ही उपपत्ती मी प्रथम वाचली तेव्हा मला मावशी आठवल्या. वहीत खाडा नाही आणि ताट तर तसेच, ही विसंगती त्यांना ज्या क्षणी खटकली, त्याच क्षणी त्या मुलाचा पहिला धागा जुळला होता.

नव्या विद्यार्थ्याने आपले धागे कोठे जुळवावेत? खोली, खाणावळ, कार्यालय, वर्ग आणि ग्रंथालय, या पाच ठिकाणी त्याचा बहुतेक दिवस जातो. वसतिगृहात जागा न मिळाल्यामुळे शहरात कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांना तर धागा शोधणे अधिकच कठीण. कारण एका खोलीत चार खाटा, चौघांची चार कॉलेजे, चार वेळापत्रके, आणि जेवणाचा डबा दाराबाहेर ठेवून जाणाऱ्या माणसाचे तोंडही दृष्टीस पडत नाही. अशा विद्यार्थ्याला माझे आग्रहाचे सांगणे आहे की, थोडी पायपीट झाली तरी चालेल, दोन वेळांपैकी एक वेळ तरी खाणावळीत जाऊन, बाकावर बसून जेवावे. डबा पोट भरतो, परंतु तुम्ही आज आला नाहीत हे डब्याला कळत नाही.

कार्यालयाची खिडकी हे नव्या विद्यार्थ्याच्या भीतीचे दुसरे ठाणे. बोनाफाईड, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेयर, मायग्रेशन, पात्रता प्रमाणपत्र, हे शब्द त्याच्या कानांवर एखाद्या परक्या मुलखाच्या नाण्यांसारखे पडतात. एका मुलीला मी सलग तीन दिवस त्याच खिडकीपुढे पाहिले. पहिल्या दिवशी तिच्याजवळ गुणपत्रिकेची साक्षांकित प्रत नव्हती. दुसऱ्या दिवशी प्रत होती, परंतु मूळ कागद खोलीवर राहिला होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही घेऊन ती आली, तो खिडकी बंद व्हावयाची वेळ झाली होती, आणि ती भिंतीला टेकून, पुठ्ठ्याची फाईल छातीशी धरून, आवाज न करता रडत होती. आत बसलेल्या प्रौढ कारकुनांनी ते पाहिले, खिडकी पुन्हा उघडली, कागद तपासून घेतले आणि एका कोऱ्या कागदावर स्वतःच्या हाताने यादी लिहून दिली : कोणता दाखला, कोणत्या खिडकीवर, किती प्रतींत, कोणत्या मुदतीत. ती यादी तिने वर्षभर पाकिटात जपून ठेवली होती. दफ्तराची रीत क्लिष्ट आहे, ती सोपी झाली पाहिजे, आणि यात प्रशासनाची जबाबदारी मोठी आहे, हे मी अनेक सभांतून सांगितले आहे; परंतु ती सोपी होईपर्यंत विद्यार्थ्याने तरी मूळ कागद आणि तीन-चार प्रती नेहमी एकत्र ठेवाव्यात, अर्ज दिल्यावर पोच आणि आवक क्रमांक मागून घ्यावा, आणि खिडकीपलीकडच्या माणसाला प्रथम नमस्कार करून त्यांचे आडनाव विचारून घ्यावे. आडनावाने हाक मारली की खिडकी राहत नाही, माणूस उरतो.

पैशांची बाबही येथेच उरकतो. ज्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, अशा अनुसूचित जातींच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे; आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे; शिष्यवृत्त्यांचे बहुतेक अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावरून भरावे लागतात आणि त्यांचे नूतनीकरण दर वर्षी करावे लागते. पहिल्या वर्षी मंजूर झाली म्हणून दुसऱ्या वर्षी आपोआप मिळेल, या समजुतीने मुदत चुकविलेले विद्यार्थी मी दर वर्षी पाहिले आहेत. मुदतीची तारीख खोलीच्या भिंतीवर लिहून ठेवावी.

वर्गाच्या बाबतीत मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याची अडचण सर्वांत खोल आहे आणि तिच्याविषयी मी अधिक थांबून बोलणार आहे. कारण या अडचणीला बुद्धीची उणीव समजण्याची चूक तो स्वतःच करतो. बारावीपर्यंत ज्याने विज्ञान किंवा अर्थशास्त्र मराठीत समजून घेतले, त्याच्यापुढे पहिल्याच तासाला इंग्रजीचा ओघ सुटतो. शब्द ओळखीचे वाटतात तोवर वाक्य पुढे निघून जाते. शेजारचा विद्यार्थी भराभर लिहीत असतो. आणि तास संपला की वहीत चार तुटक ओळी आणि मनात एकच निष्कर्ष, की हे आपल्याला जमणारे नाही. वस्तुतः त्याला विषय कळत नाही असे नव्हे. विषयाचे नवे कपडे त्याच्या ओळखीचे झालेले नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी जे यातून पार पडले, त्यांनी बहुधा एकच मार्ग धरला. ते पुढच्या दोन बाकांवर बसत; तासात जे ऐकू येईल ते मराठी-इंग्रजी मिश्र भाषेत, जसे जमेल तसे उतरवून घेत; आणि त्याच संध्याकाळी, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, तोच मजकूर एखाद्या सोबत्याला मराठीत समजावून सांगत. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले होते की, पाठ केलेल्या गोष्टीतला फार मोठा भाग पहिल्या काही तासांतच विसरला जातो आणि त्यानंतर विस्मरणाचा वेग मंदावतो. म्हणून त्या पहिल्या संध्याकाळचा अर्धा तास पुढल्या आठवड्यातल्या तीन तासांच्या तोडीचा आहे, असे मी तर म्हणेन. आजच्या श्रेयांक पद्धतीत सैद्धांतिक विषयाच्या एका श्रेयांकासाठी १५ तासांचे अध्यापन धरले जाते. सत्र लहान असते, अंतर्गत परीक्षा लवकर येते, आणि दिवाळीनंतर अभ्यासाला लागू म्हणणाऱ्याचे सत्र दिवाळीपूर्वीच बहुतांशी संपलेले असते.

शंका विचारण्याविषयी एकच सांगतो. भर वर्गात उठून बोलण्याचा धीर होत नसेल तर तास संपल्यावर, शिक्षक दारातून बाहेर पडताना, त्यांच्याबरोबर चार पावले चालावे आणि विचारावे. मराठीत विचारावे. शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा प्रश्नामुळे लक्षात राहतो. आणि तो पुढच्या आठवड्यात वर्गात दिसला नाही तर ती जागा रिकामी वाटते.

घरची ओढ हा दुबळेपणा नव्हे. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ साली बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात या दुखण्याला प्रथम शास्त्रीय नाव दिले. त्याने वर्णिलेल्या रोग्यांत बर्न या गावाहून बाझेलला शिकावयास आलेला एक विद्यार्थी होता. त्याची प्रकृती इतकी खालावली की लोकांनी आशा सोडली. शेवटी घरी न्यावयाचे ठरले, आणि वाटेतच त्याला उतार पडू लागला. बर्न आणि बाझेल यांच्यातले अंतर साताऱ्याहून पुण्याला जावे त्यापेक्षा फारसे अधिक नाही. दुखणे अंतराचे नसतेच. आपली कोणी वाट पाहत नाही अशा ठिकाणी राहण्याचे ते दुखणे आहे. म्हणूनच, पहिल्या महिन्यात दर शनिवारी एस.टी. धरून गावी पळणाऱ्या मुलांना मी प्रेमाने, पण ठामपणे अडवीत असे. रविवारी वसतिगृहात राहिल्याखेरीज वसतिगृह आपले होत नाही; मुले धुणे वाळत घालताना बोलतात, फीस्टच्या पंगतीत एकमेकांना वाढतात, दुपारी कॅरम खेळतात, आणि मैत्रीच्या गाठी तेथे पडतात. घरी रोज बोलावे, परंतु एक वेळ ठरवून बोलावे. दिवसातून दहादा घरी फोन करणाऱ्याचे शरीर वसतिगृहात आणि मन गावात राहते, आणि त्यामुळे तो धड इथला होत नाही, धड तिथला राहत नाही.

रॅगिंगविषयी थोडक्यात, पण निःसंदिग्धपणे सांगतो. हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९९९ पासून त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा आहे, विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे नियम प्रत्येक संस्थेवर बंधनकारक आहेत, आणि १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर कोणत्याही वेळी तक्रार करता येते. ओळख करून घेण्याची ही जुनी रीत आहे, असे सांगणाऱ्या ज्येष्ठ विद्यार्थ्यावर विश्वास ठेवू नये. ओळख करून घेणारा ज्येष्ठ विद्यार्थी ताट कोठे मिळते ते दाखवितो.

बावीस क्रमांकाच्या त्या मुलाला त्या संध्याकाळी मी खाणावळीत नेले. मावशींनी त्याच्यापुढे कप्प्यांचे स्टीलचे ताट ठेवले आणि विचारले, "भाकरी लागती का रं तुला? उद्यापास्नं दोन थापीन." तो मान खाली घालून जेवला. दुसऱ्या दिवशी तो आपणहून आला. आठवड्याने पंगतीत वरण वाढू लागला. पहिल्या सत्रात एका विषयात राहिला, दुसऱ्या सत्रात तो काढला. खाणावळीच्या विद्यार्थी समितीवर तो तिसऱ्या वर्षी निवडून आला आणि खाड्याची वही त्याच्याकडे आली.

त्या वर्षीच्या जुलैत एका रात्री, पाऊस मुसळधार कोसळत असताना, त्याने माझे दार वाजविले. अंगावरून पाणी निथळत होते. "सर, एकोणीस नंबरचं नवं पोरगं दुपारपासनं दिसलं न्हाई. ताट तसंच हाय, आन् खाडा लिवलेला न्हाई," तो म्हणाला. आम्ही दोघे निघालो. मुलगा एस.टी. स्थानकावर सापडला, शेवटच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन, सुटून गेलेल्या गाडीच्या फलाटाकडे पाहत बसला होता. मी पुढे होणार, तोच त्याने मला हाताने थांबविले आणि स्वतः जाऊन त्या मुलाच्या शेजारी बसला. पावसाच्या आवाजात ते काय बोलले, ते मला ऐकू आले नाही. पाऊण तासाने ते दोघे उठले आणि आम्ही तिघे परत आलो. खाणावळीतले दिवे मालवलेले होते, परंतु चुलीजवळच्या फळीवर मावशींनी दोन ताटे झाकून ठेवली होती.